समुद्राचा कानोसा

परतूर हे आमचे गाव समुद्रापासून सरळ रेषेत मोजले तरी सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचे, नाही तर दुधना नदीचे. आणि उन्हाळ्यात तेही तळाला जाते. अशा गावातील एका निवृत्त शाळामास्तराने देवमाशाच्या आवाजाविषयी बोलावे, ह्याचे श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु ह्या विषयाशी माझे एक जुने देणे गुंतलेले आहे, आणि ते फेडावे म्हणूनच मी आज बोलावयास बसलो आहे.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नोकरीस लागून फार दिवस झाले नव्हते. चौथीच्या वर्गात प्राण्यांचा पाठ चालला होता. देवमासा हा नावाने मासा असला तरी खरोखर मासा नव्हे, तो पिलास दूध पाजतो व श्वास घेण्याकरिता पाण्यावर येतो, इतके मी सांगितले. तेव्हा मागच्या ओळीतील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, तो ओरडतो का?" मला उत्तर ठाऊक नव्हते. परंतु "ठाऊक नाही" असे म्हणावयास मास्तराची जीभ सहसा वळत नाही. नव्या मास्तराची तर नाहीच नाही. मी म्हणालो, "अरे, पाण्यात तोंड उघडले तर पोटात पाणी नाही का जाणार? तो मुकाच असतो." सारा वर्ग हसला. मुलगा खाली बसला, आणि त्यानंतर वर्षभरात त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही.

मागील दिवाळीच्या सुटीत माझी नात छत्रपती संभाजीनगरहून आमच्याकडे आली होती. एके दिवशी सकाळी तिने आपला मोबाइल माझ्यापुढे ठेवला, त्याच्या तारेची दोन बोंडे माझ्या कानात घातली आणि म्हणाली, "आजोबा, ऐका. हा कॅलिफोर्नियाचा समुद्र आहे. आत्ताचा." मला त्या "आत्ताचा" ह्या शब्दाचे मोठे कुतूहल वाटले. मी कान देऊन ऐकू लागलो. ज्वारीच्या उभ्या शेतातून वारा जावा तशी एक सळसळ चालली होती. दुसरे काही नाही. पंधरा मिनिटे गेली. मग गावाच्या दुसऱ्या टोकाला पिठाची गिरणी चालू व्हावी तशी घरघर सुरू झाली, वाढत वाढत गेली आणि पुष्कळ वेळाने विरली. नात म्हणाली, "जहाज गेले." पहिल्या दिवशी आम्ही एवढेच ऐकले. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमारास त्या सळसळीतून एक हुंकार उमटला. खर्जातला, लांब आणि किंचित थरथरणारा. त्यामागून जुन्या दाराची बिजागरी कुरकुरावी तसा एक चढता स्वर आला; मग काही तुटक किंकाळ्या, थोडा विसावा, आणि पुन्हा तोच हुंकार. अंगावर काटा उभा राहिला. मी यंत्राचा आवाज मोठा करून तो साऱ्या घराला ऐकविला. तेवढ्यात सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या व म्हणाल्या, "अहो, कोणाची म्हैस ओरडते आहे? पारडू चुकलेले दिसते तिचे."

आम्ही दोघे हसलो खरे. परंतु पुढे वाचन केल्यावर ध्यानात आले की त्या हसण्यासारखे काही बोलल्याच नव्हत्या. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालणारे, जोडखुरी प्राण्यांच्या कुळातील होते असे शास्त्रज्ञ सांगतात. काश्मीरकडील कालाकोट येथे ए. रंगा राव ह्या भारतीय भूवैज्ञानिकांनी गोळा केलेल्या खडकांत अशाच एका लहानशा खुरवाल्या प्राण्याची हाडे सापडली, व २००७ साली तो देवमाशांचा अगदी जवळचा आप्त असल्याचे प्रसिद्ध झाले. त्याचे नावच "इंडोहायस" असे ठेवलेले आहे. तेव्हा देवमाशाचे नाते माशापेक्षा म्हशीशी अधिक जवळचे आहे. घरच्या माणसाने नुसत्या कानाने जे ओळखले, ते सांगावयास शास्त्राला हाडे खणावी लागली.

आता हा आवाज परतूरपर्यंत येतो कसा, ते थोडक्यात सांगतो. आम्ही लहानपणी विहिरीत पोहावयास जात असू. एकाने बुडी मारावयाची आणि दुसऱ्याने पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटावयाचे, असा एक खेळ असे. बुडालेल्याला तो टणत्कार अगदी कानाशी झाल्यासारखा ऐकू येई. आगगाडीच्या रुळाला कान लावून गाडीची चाहूल घेणारी मुले आमच्या स्टेशनाजवळ तेव्हा नेहमी दिसत. ह्या दोन्ही खेळांत एकच तत्त्व आहे. हवेत ध्वनी एका सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समुद्राच्या पाण्यात तो सुमारे १५०० मीटर, म्हणजे चौपटीहून अधिक वेगाने जातो, आणि फार दूरवर पोहोचतो. उलट प्रकाश पाण्यात लवकर मावळतो. दोनशे मीटर खोलीच्या खाली दिवसाही जवळजवळ अंधार असतो. म्हणून समुद्रातील प्राण्यांचा संसार डोळ्यांपेक्षा कानांवर अधिक चालतो.

हे आवाज पकडणाऱ्या यंत्राला हायड्रोफोन म्हणतात. हा पाण्यातला मायक्रोफोनच होय. काही स्फटिकांवर दाब पडला म्हणजे त्यांत वीज उत्पन्न होते, हा शोध प्येर व झाक क्यूरी ह्या बंधूंनी १८८० साली लावला. त्याच तत्त्वावर हायड्रोफोनचे काम चालते. आवाजाची लाट आली की दाब, दाब पडला की वीज. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागरात तेथील संशोधन संस्थेने २०१५ साली असा एक हायड्रोफोन सुमारे ९०० मीटर खोल तळावर ठेविला आहे. त्याची वीज समुद्रतळावरून टाकलेल्या तारेने किनाऱ्यावर येते, आणि तेथून इंटरनेटच्या मार्गाने जगभर जाते. पंधरा किलोमीटरांवरून देवमाशाने साद घातली, तर ती यंत्रापर्यंत येण्यास दहा सेकंद लागतात. तेथून पुढचे अर्धे जग ओलांडून माझ्या ओसरीवर येण्यासही फारसा वेळ लागत नाही.

ह्यातील वेळेचा हिशेब मला फार गमतीचा वाटतो. थंडीच्या दिवसांत तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. परतूरला सकाळचे दहा वाजतात, तेव्हा मॉन्टेरेला आदल्या दिवसाची रात्र, साडेआठ वाजलेले असतात. तेथील नोंदींवरून असे दिसले आहे की हे गायन सप्टेंबरपासून मेपर्यंत चालते, हिवाळ्याच्या आरंभी त्याला भर येतो, आणि दिवसापेक्षा रात्री ते अधिक होते. म्हणजे आमची जेवणापूर्वीची वेळ ही त्यांच्या मैफलीची वेळ आहे. हा योग जुळून आला नसता, तर मी कदाचित सळसळच ऐकून उठलो असतो.

"गायन" हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. बर्म्यूडा बेटाजवळ अमेरिकेच्या आरमाराकरिता पाण्यातील आवाज टिपणारे फ्रँक वॉटलिंग्टन नावाचे एक अभियंते होते. त्यांनी मुद्रित केलेले आवाज १९६७ साली रॉजर पेन ह्या जीवशास्त्रज्ञाच्या हाती आले. पेन व स्कॉट मॅक्व्हे ह्यांनी त्यांचा अभ्यास करून १९७१ साली "सायन्स" ह्या नियतकालिकात असे दाखवून दिले की कुबडा देवमासा, ज्याला इंग्रजीत हंपबॅक म्हणतात, तो वाटेल तसा ओरडत नाही. त्याच्या स्वरांचे तुकडे असतात, तुकड्यांची ओळ होते, तीच ओळ अनेकदा घोळून मग पुढची येते, आणि सारे गीत पुरे झाले की तो पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. असे एकेक आवर्तन बरेच मिनिटे चालते आणि आवर्तनांचा क्रम कित्येक तास. गातात ते नर. एका समुद्रातील सारे नर एकाच वेळी जवळपास एकच गीत गातात. आणि तेही स्थिर राहत नाही, हळूहळू बदलत जाते व तो बदल सगळे उचलतात. आपल्याकडे एखाद्या घराण्याची चीज शिष्यपरंपरेने चालावी आणि चालता चालता तिचे वळण पालटावे, तसेच काहीसे हे आहे.

माझ्या चुकीच्या उत्तराचे खंडन ह्याच संशोधनाच्या पुढच्या पायरीत आहे. पाण्यात तोंड उघडल्यावाचून देवमासा ओरडतो कसा? ह्याचे उत्तर डेन्मार्कमधील संशोधकांनी २०२४ साली "नेचर" ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्याच्या कंठात एक विशेष मांसल गादी असते. फुप्फुसातील हवा तिच्यावरून जाताना कंप उत्पन्न होतो, आणि तीच हवा पुन्हा आत घेऊन तो पुढचा स्वर काढतो. तोंड मिटलेलेच राहते. ज्या मुलाला मी हसण्यावारी नेले, त्याच्या प्रश्नाच्या एका अंगाचे उत्तर मिळावयास शास्त्रालाही इतका काळ लागला. परंतु देवमासा मुका नाही, ही गोष्ट मात्र मी पाठ शिकवीत होतो तेव्हाही छापलेली होती. मी ती शोधली नव्हती, एवढेच.

कोणी म्हणेल की ह्या गायनाच्या ध्वनिमुद्रिका मिळतात, तेव्हा तासन्‌तास सळसळ ऐकत बसण्यात काय शहाणपण? प्रश्न रास्त आहे. मुद्रिकेत निवडून, पाखडून ठेवलेले गाणे असते. त्यातली शांतता काढून टाकलेली असते आणि जहाजांची घरघरही. थेट ऐकताना मात्र समुद्र जसा आहे तसा कानी पडतो. देवमासा गाईल किंवा गाणार नाही. आपण त्याला बोलावू शकत नाही. आणि ह्या वाट पाहण्यातच मला ती गोष्ट कळली, जी मुद्रिकेवरून कधीच कळली नसती. मी जे तास मोजले, त्यांत देवमाशापेक्षा माणसाच्या यंत्रांचाच आवाज मी अधिक ऐकला. समुद्र मुका नाही हे तर खरेच. परंतु तो निवांतही उरलेला नाही.

ही केवळ अमेरिकेची कथा नव्हे. आपल्या अरबी समुद्रातही कुबडे देवमासे आहेत, आणि ते जगातील इतर सर्वांहून निराळे आहेत. अन्य समुद्रांतील कुबडे देवमासे अन्नासाठी थंड पाण्यात जातात व पिलांसाठी उष्ण पाण्यात परततात. आपले मात्र बारा महिने ह्याच समुद्रात राहतात. त्यांच्या आनुवंशिक तपासणीवरून ते सुमारे ७०,००० वर्षे इतरांपासून वेगळे पडले असावेत असे अनुमान निघाले आहे. १९६० नंतरच्या दशकात सोव्हिएत जहाजांनी बेकायदा शिकार करून अरबी समुद्रातील २४२ कुबडे देवमासे मारले. आज ओमानच्या किनाऱ्यावरील गणनेवरून त्यांची संख्या शंभराच्याही आत असावी असे मानले जाते. एका लहानशा वस्तीतील माणसेही ह्याहून अधिक भरतील.

हे देवमासे आपल्या किनाऱ्याशी येतात का, ह्याचे उत्तर दोन प्रकारे मिळाले. २०१७ च्या नोव्हेंबरात ओमानपाशी एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसविण्यात आले. तिचे नाव लुबान, म्हणजे धूप. ती सारा अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे आली, कन्याकुमारीपर्यंत खाली गेली आणि पुन्हा ओमानकडे परतली. दुसरे उत्तर कानांनी मिळाले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गोव्याच्या किनाऱ्यालगत ग्रँड बेटाजवळ ठेवलेल्या हायड्रोफोनमध्ये कुबड्या देवमाशाचे गीत नोंदले गेले. ह्या अभ्यासात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञही होते. पाण्यावर कोणाला काही दिसले नसेल. परंतु पाण्याखाली आपल्या दाराशी कोणी गात होते.

निळ्या देवमाशाचेही असेच. २०१५ साली सिंधुदुर्गात कुणकेश्वराच्या समोरील समुद्रात अभ्यासकांना निळे देवमासे दिसले, तेव्हा वर्तमानपत्रांतून मोठा आनंद व्यक्त झाला होता. पुढे २०१८ च्या अखेरीपासून २०२० च्या जानेवारीपर्यंत लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटाजवळ हायड्रोफोन ठेवून दिव्या पणिक्कर ह्या भारतीय संशोधिकेने निळ्या देवमाशाचे गीत टिपले. पृथ्वीवर आजवर जन्मलेल्या प्राण्यांत जो सर्वांत प्रचंड, त्याचा स्वर इतका खर्जातला असतो की तो आपल्या कानांच्या शक्तीच्या अगदी काठावर पडतो. पुष्कळदा तो वेग वाढवूनच माणसाला ऐकवावा लागतो. एवढे अजस्र जनावर शेजारी येऊन गेले तरी डोळ्याला पत्ता लागत नाही. त्याची खबर कानच देतो.

ह्या गोष्टींना आता जहाजांच्या घरघरीची जोड द्या, म्हणजे चिंतेचे कारण ध्यानात येईल. डेन्मार्कच्या ज्या संशोधनाचा मी उल्लेख केला, त्याचाच दुसरा निष्कर्ष असा आहे की ह्या देवमाशांचा स्वर नेमका त्याच पट्टीत पडतो, ज्या पट्टीत जहाजांचा आवाज असतो. आणि कंठाची घडणच अशी आहे की त्यांना त्या पट्टीबाहेर फारसे जाता येत नाही. गजबजलेल्या बाजारात आपण आवाज चढवितो. त्यांना तेही पुरेसे साधत नाही. जेथे शंभराच्या आत प्राणी उरले आहेत आणि ते विस्तीर्ण समुद्रात विखुरलेले आहेत, तेथे एकाची साद दुसऱ्यापर्यंत पोहोचली नाही तर त्याचा अर्थ केवळ मैफल मोडली एवढाच होत नाही. नर-मादीची गाठ पडणे कठीण होते. मुंबई व न्हावाशेवा येथे येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून आपल्या घरातील कितीतरी वस्तू येतात. हा कोलाहल दुसऱ्या कोणाचा नाही, तो आपलाच आहे.

तथापि हा रोग असाध्य नाही, आणि म्हणूनच मी हा विषय निराशेने मांडीत नाही. तेलाचा तवंग समुद्रावर पसरतो, विषारी द्रव्य पाण्यात मुरते. परंतु आवाज यंत्र थांबताच थांबतो. २००१ च्या सप्टेंबरात अमेरिकेवर हल्ला झाल्यानंतर काही दिवस जहाजांची ये-जा कमी झाली होती. कॅनडाच्या फंडी उपसागरात त्या वेळी पाण्यातील गोंगाट ६ डेसिबलने उतरला. आणि तेथील राइट नावाच्या देवमाशांच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या शरीरातील ताणाची रसद्रव्येही उतरलेली आढळली. २०१२ साली हे प्रसिद्ध झाले. त्याच देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकूव्हर बंदराने २०१७ पासून देवमाशांच्या वाटेवरून जाणाऱ्या जहाजांना वेग कमी करण्याची विनंती चालविली आहे. पुष्कळ जहाजे ती मानतात, आणि वेग उतरला की आवाजही उतरतो हे तेथील हायड्रोफोनांनीच मोजून दाखविले. म्हणजे प्रथम ऐकणे, मग मोजणे, आणि मग थोडे सावकाश जाणे. ह्यात अशक्य असे काय आहे?

ह्या संबंधात मला एका योगायोगाची आठवण होते. १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडण्यात आली. त्यांच्यासोबत पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी पाठविलेली आहे. त्या तबकडीवर ५५ भाषांतील अभिवादने आहेत, त्यांत आपली मराठीही आहे. अभिवादनांच्या जोडीला कुबड्या देवमाशाचा स्वर आहे. आणि संगीताच्या विभागात गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर ह्यांनी गायिलेली भैरवीतील चीज आहे. केसरबाई त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निवर्तल्या. त्यांचा स्वर मात्र आज सूर्यमालेच्या वाऱ्याबाहेर निघून गेला आहे, आणि देवमाशाचा स्वरही त्याच तबकडीवर त्यांच्या सोबत आहे. अपरिचित ताऱ्यांनी जो आवाज ऐकावा म्हणून आपण इतका खटाटोप केला, तो गोव्याच्याच किनाऱ्यालगत आपल्या जहाजांच्या घरघरीत बुडून जावा, ही गोष्ट मनाला लागते.

शहरांतील श्रोत्यांना माझी एकच सूचना आहे. हिवाळ्यातील एखाद्या सुटीच्या सकाळी घरातील मुलांना जवळ घेऊन हा समुद्र ऐकावा. काही ऐकू आले नाही तर उठू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. मुले प्रश्न विचारतील. त्यांतील पुष्कळ प्रश्नांची उत्तरे आपणांस येणार नाहीत. तेव्हा "ठाऊक नाही, आपण शोधू" असे म्हणावे. मला हे वाक्य शिकावयास सारी नोकरी पुरली नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

चौथीच्या वर्गातील तो मुलगा आता पन्नाशीचा झाला असेल. तो कोठे आहे ह्याचा मला पत्ता नाही. परंतु आकाशवाणीचा आवाज कोठल्या घरी जाईल ह्याचा नेम नसतो. म्हणून त्याला उद्देशून दोन शब्द बोलतो आणि हे भाषण पुरे करतो. बाबा, तू विचारले होतेस तो प्रश्न योग्य होता आणि माझे उत्तर चूक होते. देवमासा ओरडतो. तोंड न उघडता तासन्‌तास गातो. मी ते माझ्या कानांनी ऐकले आहे, आणि ऐकताना मला तुझी आठवण झाली.